सायन्स घे, पण…

दहावीचा निकाल लागला की आमच्या किनाऱ्यावर पेढ्यांच्या पाठोपाठ एक वाक्य घरोघरी ऐकू येते. "सायन्स घे, पण…" या 'पण'च्या पुढे काय असते ते सांगायला नको. पण कणकवलीच्या पुढे जायचे नाही. पण होस्टेल नको. पण बारावीनंतर स्थळे बघायला लागू, मग सासरचे म्हणतील तसे. पण इंजिनिअरिंग कशाला, डी.एड. कर, घर सांभाळून होते. मी स्वतः बी.एड. झालेली, उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. शिक्षकी पेशा मी आवडीने घेतला आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या 'पण'बद्दल.

मुलींना झेपत नाही, असे निदान कोकणात तरी कोणी म्हणू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून वेगळे काम करू लागले, आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात ते वर्षामागून वर्षे राज्यात पहिले येते. त्यातही मुलींच्या उत्तीर्ण होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त. म्हणजे परीक्षेचे दार त्या स्वतःच्या हिमतीने उघडतात. अडते ते त्याच्या पुढच्या दारावर. या दुसऱ्या दाराचा इतिहास मी गेली काही वर्षे वाचते आहे. त्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बाईला विज्ञानाचे दार साफ बंद असायचे, तसे ते पुष्कळदा अर्धे उघडायचेही, आणि त्या फटीतून आधी एक यादी बाहेर यायची. अटींची यादी.

सुरुवात १९३३ पासून करू. दुर्गाबाई भागवतांचे नाव मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. त्यांची धाकटी बहीण कमला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, गुणांच्या यादीत वरच्या स्थानी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. कमलाने तिथेच संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळवलेले. अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती.

घरच्यांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही. कमला स्वतः बंगळूरला जाऊन उभी राहिली. माझे गुण कमी आहेत का, कुठल्या नियमात मुलींना बंदी आहे, असे तिने विचारले आणि हटली नाही. काळ सत्याग्रहाचा होता, तिनेही तेच हत्यार काढले. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये.

या तीन अटी पुन्हा वाचून बघा. पहिली तिच्या पात्रतेवर संशय घेते, जो बरोबरीच्या मुलांवर कोणी घेतला नव्हता. दुसरी तिला मुलांपेक्षा जास्त राबायला सांगते. तिसरी तर दुसऱ्याच्या नजरेची जबाबदारी तिच्या डोक्यावर टाकते. तिच्या रसायनशास्त्राविषयी एक शब्दही नाही.

तिने अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या नावाच्या कडक पण न्यायी मार्गदर्शकाच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली. तिचे काम बघून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे ती केंब्रिजला गेली. बटाट्यावर काम करताना तिला वनस्पतीच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे विकर सापडले. प्राणी श्वास घेतात त्या क्रियेत हे विकर असते, ते वनस्पतीतही आहे हे त्यातून दिसले. अवघ्या चौदा महिन्यांचे काम आणि चाळीसेक पानांचा प्रबंध. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये तिचे नाव आहे.

याच कमलाबाई सोहोनींचे पुढचे काम आपल्या किनाऱ्याच्या अगदी जवळचे आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये असताना, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून, त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. मालवण-वेंगुर्ल्याकडे नीरा म्हणजे काय हे पोराटोरांना कळते. संध्याकाळी माडावर चढायचे, पोय छेदून मडके बांधायचे, आणि भल्या पहाटे, सूर्य वर येण्याच्या आत, रस खाली आणायचा. उशीर झाला की आंबून माडी होते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे लांबते, हे माडावर चढणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कमलाबाईंनी ताड-माडाच्या या रसात काय काय असते ते प्रयोगशाळेत मोजले. त्यात क जीवनसत्त्व आणि लोह सापडले, आणि आदिवासी भागातील कुपोषित मुले व गरोदर बायांच्या आहारात नीरा दिली तर फरक पडतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. गरिबाच्या ताटाकडे बघणारे विज्ञान होते ते. तरीही ज्या संस्थेत त्या शिकवत होत्या तिथले संचालकपद त्यांना हक्काने मिळायला हवे होते त्याच्या सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. अटींची यादी संपली होती, आता खोळंबा सुरू झाला होता.

उतारवयात महिला वैज्ञानिकांच्या एका समारंभात कमलाबाईंनी सांगितले की रामन शास्त्रज्ञ म्हणून फार मोठे, पण मनाने कोते होते, आणि केवळ मुलगी म्हणून मिळालेली ती वागणूक आपण विसरू शकलो नाही. एवढे यश मिळवून झाल्यावर, पन्नासहून अधिक वर्षांनी, हे बोलावेसे वाटले यातच त्या जखमेची खोली कळते. रामन यांची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. पण मोठा माणूस म्हणाला म्हणून अट न्याय्य ठरते असेही नाही.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० मध्ये अॅना मणी आल्या. त्रावणकोरच्या ख्रिस्ती कुटुंबातील मुलगी. हिरा आणि माणिक यांच्यावर प्रकाश पडला की काय घडते याचे त्या मोजमाप करत. एकेक छायापट मिळवायला पंधरा-वीस तास लागत, म्हणजे रात्री प्रयोगशाळेतच काढायच्या. पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये प्रबंध सादर केला, तर मद्रास विद्यापीठाने सांगितले की तुमच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, सबब पीएच.डी. देता येत नाही. काम पुरे होते, कागद कमी होता. त्यांना ती पदवी कधीच मिळाली नाही.

त्या थांबल्या नाहीत. इंग्लंडात हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तोपर्यंत साधी साधी उपकरणेही परदेशातून यायची. अॅना मणींनी जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवण्याची सोय केली. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. मालवणच्या बंदरावर धोक्याचा बावटा चढतो तेव्हा होड्या ओढून वर घेणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल? १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेले. छपरे उडाली, माड-कलमे मोडली, होड्या फुटल्या. पण वादळ येते आहे हे आधी कळले होते. हे आधी कळणे ज्या मापनाच्या शिस्तीवर उभे आहे, ती शिस्त घालून देणाऱ्यांत पीएच.डी. नाकारलेली ही बाई होती.

आता स्वातंत्र्यानंतरचे बघू. १९६८ मध्ये हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सुधा कुलकर्णी नावाची मुलगी दाखल झाली. आज आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. सगळ्या महाविद्यालयात एकटी मुलगी. त्यांनी स्वतः लिहिले-सांगितले आहे की प्राचार्यांनी तीन अटी घातल्या. रोज साडीच नेसायची. कँटीनमध्ये जायचे नाही. मुलांशी बोलायचे नाही. पस्तीस वर्षांनी पुन्हा तीनच अटी, आणि पुन्हा त्यात अभियांत्रिकीचा अक्षरही नाही. ज्या गोष्टीची खरी गरज होती, ती म्हणजे मुलींसाठी स्वच्छतागृह, ते मात्र तिथे नव्हते. अट घालणाऱ्याला सोय करणे सुचत नाही, हे या इतिहासात सारखे दिसते.

पुढे त्या बंगळूरच्या त्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होत्या, जिथे कमला भागवत अटी मान्य करून शिरल्या होत्या. १९७४ च्या सुमारास तिथल्या सूचना फलकावर पुण्याच्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली. इंजिनिअर हवेत, स्त्रियांनी अर्ज करू नयेत. सुधाताईंनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. तारेने मुलाखतीचे बोलावणे आले आणि टेल्कोच्या कारखान्यात पहिली स्त्री इंजिनिअर रुजू झाली. एका पोस्टकार्डाने हे झाले असे आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र ज्यांनी ती जाहिरात वाचली, मान खाली घातली आणि पुढे गेल्या, त्या मुली आठवतात. त्यांची नोंद कुठेच नाही.

समुद्राची गोष्ट आपल्यासाठी वेगळीच जिव्हाळ्याची. कोकणी मुसलमानांच्या पिढ्या गलबतांवर गेल्या. नाखवा हे आपल्याकडचे आडनावच फारसी 'नाखुदा'वरून आले, म्हणजे जहाजाचा मालक-कप्तान. तांडेल, खलाशी, नाखवा, सगळे पुरुष. बाईचा समुद्र वाळूवर संपायचा. डिसेंबर १९८३ मध्ये शेजारच्या गोव्यातून भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली, तेव्हा प्रथमच तिच्यात दोन स्त्रिया होत्या, भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ आदिती पंत. आदिती पंत औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या, जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची, नोकरी दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती हा त्यांचा विषय. मालवणहून पणजी काही तासांवर आहे. आपल्या किती मुलींना सांगितले गेले की समुद्र हे शिकण्याचे, नोकरीचे आणि संशोधनाचे क्षेत्र आहे, आणि त्याची देशातली मोठी संस्था आपल्या उशाशी आहे?

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. कमलाबाईंच्या घरात दोन रसायनशास्त्रज्ञ होते. आदिती पंत यांचे घर तर राजघराणे. सुधाताईंचे वडील डॉक्टर. घरात पुस्तक होते, इंग्रजी होती, पाठीशी बाप होता. इतके असून त्यांना अटी, नकार आणि जाहिराती सोसाव्या लागल्या. मग ज्या घरात शाळेची पायरी चढणारी मुलगीच पहिली, तिच्या वाटेत काय असेल? मच्छीमाराची मुलगी, दलित वस्तीतली मुलगी, आमच्या मोहल्ल्यातली मुलगी. तिच्यापर्यंत अटींची यादी पोहोचेपर्यंत ती बरीच लांब झालेली असते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात देशातल्या नामांकित महाविद्यालयांचा हिशेब आहे. पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान, पदव्युत्तर वर्गात पन्नासात एक. मुली आणि मुले मिळून.

यावर आपल्याकडे एक सोपा दिलासा फिरत असतो. मोबाइलवर मजकूर येतो की दहाव्या शतकात हलब शहरात मरियम नावाच्या मुस्लिम स्त्रीने उस्तुरलाब, म्हणजे ग्रहताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र, शोधून काढले. वाचून छाती फुगते. पण मूळ आधार काय? इब्न अन-नदीम याने त्याच शतकात बगदादमध्ये 'अल-फिहरिस्त' ही ग्रंथसूची लिहिली. त्यात उस्तुरलाब बनवणाऱ्या कारागिरांच्या यादीत तिचा उल्लेख आहे, जेमतेम एका ओळीचा. 'अल-इज्लिया', म्हणजे इज्लीची मुलगी, सैफुद्दौलाच्या पदरी असलेली. तिने यंत्राचा शोध लावला असे तिथे नाही, उस्तुरलाब तिच्या शेकडो वर्षे आधीपासून होते. आणि मरियम हे नावही तिथे नाही. बापाच्या नावाने तिची ओळख लिहिली गेली, तिचे स्वतःचे नाव कोणी लिहिले नाही. मला ही खरी ओळ त्या फुगवलेल्या मजकुरापेक्षा जास्त मोलाची वाटते. हजार वर्षांपूर्वी आपल्यातली एक बाई गणित आणि धातूकाम जाणत होती, दरबारात त्याचे मोल होते, हे तिच्यातून कळते. आणि नाव लिहून न ठेवले तर काय होते, हेही कळते.

दुसरा प्रश्न भाषेचा, आणि तो माझ्या वर्गातला आहे. उर्दूतून शिकलेली मुलगी दहावीपर्यंत खुर्दबीन, कसाफत, इसरा असे शब्द घेऊन येते. तिच्या मराठी शाळेतल्या मैत्रिणीकडे सूक्ष्मदर्शक, घनता, त्वरण असते. अकरावी सायन्सला गेल्यावर दोघींनाही मायक्रोस्कोप, डेन्सिटी, ॲक्सिलरेशन नव्याने पाठ करावे लागते. समजलेली गोष्टही न समजल्यासारखी होते, आणि पहिल्या चाचणीतल्या गुणांवरून घरी निकाल लागतो की हिला सायन्स झेपत नाही. उर्दूत विज्ञान शिकवताच येत नाही असेही कोणी म्हणते. त्यांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा इतिहास वाचावा. १९१८ मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यापीठात विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी उर्दूतून शिकवली जात होती, आणि त्यासाठी दारुल-तर्जुमा म्हणजे भाषांतराचा खास विभाग होता. भाषा कमी पडली नव्हती. दोन भाषांमधला पूल कमी पडतो, आणि तो पूल बांधणे माझ्यासारख्या शिक्षकांचे काम आहे. आठवीपासून वहीत तीन रकाने केले, उर्दू, मराठी, इंग्रजी, तर अकरावीची धडकी निम्म्याने कमी होते. माझ्या वर्गात मी हे करून घेते.

आणि आता घरच्यांचा प्रश्न. मासेमारी करणाऱ्या एका अब्बांनी मला सांगितले होते, "बाई, पोरगी हुशार हाय ते मला पण कळतं. पण सकाळची एस.टी. अंधारात, परत येईस्तोवर दिवस मावळतो. मी दर्यात असतो. काही झालं तर कोण धावेल?" या 'पण'ला मी मागासलेपण म्हणणार नाही. ती काळजी खरी आहे. पण काळजीचे उत्तर सोय हे असते, आणि आपण तिथे अट ठेवून मोकळे होतो. डॉ. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. कर्करोगावर संशोधन करणारी ही मोठी शास्त्रज्ञ. त्यांच्या संघटनेने वाशीला काय उभे केले? नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर. बाईचे विज्ञान कुठे अडते हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

आपणही तिथूनच सुरुवात करू शकतो. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, दहावीनंतर थेट पदविका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले आहे. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या इतर मागास वर्गात येतात, दाखले मात्र वेळेवर काढलेले नसतात. जमातीने मशिदीच्या दुरुस्तीसाठी जशी वर्गणी काढतो तशी दोन गावांमिळून एका रिक्षेची सोय केली, शहरात एखादी खोली घेऊन चार मुली एकत्र ठेवल्या, तर त्या अब्बांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

म्हणून येत्या निकालानंतर घरात 'पण' निघाला की त्या 'पण'पुढचे वाक्य कागदावर लिहा, आणि विचारा, याचा मुलीच्या गणिताशी, रसायनाशी काही संबंध आहे का? नसेल तर ती अट खोडा. काळजी असेल तर तिच्या समोर सोय लिहा आणि ती कोण करणार त्याचे नाव लिहा.

आणि एक विनंती. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत, आपल्या मोहल्ल्यातली सायन्स घेणारी पहिली मुलगी कोण, पहिली नर्स, पहिली फार्मासिस्ट, पहिली इंजिनिअर कोण, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि एका वहीत लिहून ठेवा. वर्ष, शाळा, कोणी साथ दिली, हे सगळे. फक्त अमक्याची मुलगी, तमक्याची सून असे लिहू नका. तिचे स्वतःचे नाव लिहा.